आईचं लग्नाआधीचं नाव

सावेडी, अहिल्यानगर
४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. हौसास दादाचे अ. उ. आ.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. हल्ली पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. पण फोनवर बोललेलं तिसरा ऐकतो आणि मोबाईलवर लिहिलेलं चौथा वाचतो. गुप्त मजकुरासाठी पोस्टमनइतका खात्रीचा माणूस आज राहिलेला नाही.

दसऱ्याला माझ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. पडद्यावर लाल अक्षरं आली की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, वाचवण्यासाठी इथे दाबा. मी वाचवायला दाबलं. आपल्या घराण्याची वंशावळ मी खपून टाईप केली आहे, तुला ठाऊकच आहे. तिच्यातून पणजोबांच्या दोन भावांचे वंश तिथल्या तिथे साफ झाले. बाकीचे पाइपलाइन रोडच्या दुरुस्तीवाल्यानं वाचवले. तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून पहारा देतोय. अँटीव्हायरस विकत घेतला, पासवर्ड दर सोमवारी बदलतो, आणि वंशावळीची एक प्रत पेन ड्राईव्हवर काढून देव्हाऱ्यात ठेवली होती. लक्ष्मीपूजनाला तुझ्या वहिनीनं त्यावर हळदकुंकू वाहिलं. आता तो उघडत नाही.

काम असं आहे. पासवर्ड विसरला तर मशीन एक प्रश्न विचारतं, त्याचं उत्तर आपण आधीच भरून ठेवायचं. कुणालाच उत्तर माहीत नसेल असा प्रश्न निवडा, असं पुण्याहून मोनिकानं बजावलं आहे. लेक असली तरी या विषयात ती माझी गुरू आहे. पहिली शाळा, आवडता पदार्थ, हे सगळं गावाला पाठ. मी निवडलं, आईचं लग्नाआधीचं नाव. याहून सुरक्षित प्रश्न होणे नाही, कारण उत्तर मलाही माहीत नाही. लग्नात अण्णांनी ताटातल्या तांदळावर साळू लिहिलं, तेव्हापासून ती साळूबाई. काहीही ठोकून द्या, असंही मोनिका म्हणाली, पण साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात जन्म गेलेल्या माणसाला खोटी नोंद करवत नाही.

आई तुझ्याकडेच आहे, तेव्हा तिला विचार आणि पाकीट नीट चिकटवून पाठव. गणपतीत मी तिला फोनवर तासभर समजावलं होतं, ते पुन्हा बजाव. हल्ली चोर पोराच्या आवाजातसुद्धा बोलतात. कुणी खाजगी काही विचारलं की फोन ठेवून द्यायचा.

माया आहेच, ती पासवर्डाशिवाय चालू ठेवावी.
तुझा,
सहादेवदादा

मु. खडकवाडी, ता. अकोले
११ नोव्हेंबर २०२५

ती. दादास हौसाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन भीमानं पाकीट देताना मोठ्यानं विचारलं की दादांनी भाऊबीज पाठवली काय. मी नाही म्हटल्यावर बिचारा तोच ओशाळला.

आमची भातकापणी उरकली, झोडणी चालू आहे. आईचा डावा खांदा धरलाय. हात कानापर्यंतही जात नाही, वेणी आमची सून दिपाली घालते. अन्नही कमी झालंय. सावेडीच्या तिसऱ्या मजल्यावर जीव रमेना म्हणून ती माझ्याकडे आली, पण संध्याकाळची जीप आली की ओट्यावर जाऊन बसते आणि कोण कोण उतरलं ते विचारते. तुला येऊन दोन वर्षं झाली. तक्रार नाही हं, पहाऱ्याच्या कामाला सुट्टी नसतेच. पण आई थकलीय दादा, ते तुला कळावं असं मला वाटतं.

तुझी वंशावळ मी पाहिलीय. तिच्यात अण्णांच्या नावापुढे आईला जागा मिळालीय ती एवढीच, पत्नी. पत्र तिला वाचून दाखवलं. ज्याला पायजे त्यानं इचारावं, असं म्हणाली. तेव्हा मोठ्या मनानं फोन कर.

राग नको, लोभ थोडा इकडेही वळवावा.
तुझी,
हौसा

सावेडी
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. हौसास अ. उ. आ.

नियम मोडून फोन केला. आईनं उचलला, मी सहादेव बोलतोय म्हणालो, तिला आनंद झालेला दिसला. वेळ न घालवता मी विचारलं की आई, तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं. तर पलीकडून फोन बंद. पुन्हा लावला तर मला मेल्या म्हणाली आणि ठेवला. तिसऱ्यांदा लागलाच नाही. रात्री दिपालीचा मेसेज आला की मामा, तुमच्या आवाजात कुणी भामटा आजींना फोन करतोय, नंबर बंद केलाय, पोलिसात कळवू का. मेसेज आला तो माझ्या त्याच नंबरवर.

हा काय प्रकार आहे? मी पोटचा मुलगा आहे, तेवढं तिला समजावून सांग.

घाईत आहे, माया गृहीत धरावी.
सहादेवदादा

खडकवाडी
२४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सगळी वाडी आईचं कौतुक करतेय. एवढ्या वयात चोराला पळवून लावलं म्हणून बायका बघायला येऊन गेल्या. तिला मी शपथेवर सांगितलं की तो दादाच होता. ऐकेल तर शपथ. म्हणाली की आवाज हुबेहूब त्याचा हुता, पर माझा सहादेव मला माझ्याबद्दल कधी काय इचारीत न्हाई. मला आधी हसू आलं, आणि मग पुढे हसवेना.

आता तिनंही तुझ्यासारखी व्यवस्था केलीय. तीन प्रश्न काढलेत, त्यांची उत्तरं बरोबर आली तर तू सहादेव. तिचं काय दुखतं? ती उपास कोणत्या वारी करते? आणि सकाळच्या चहाबरोबर काय खाते? मी काही सुचवायचं नाही, अशी ताकीद आहे.

उत्तराची वाट बघतेय, माझ्यापेक्षा जास्त ती.
हौसा

सावेडी
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. हौसास अ. उ. आ.

पोरखेळ आहे, पण उत्तरं देतो. उजवा गुडघा. सोमवार. बिस्किट. आता नाव ताबडतोब पाठवावं, दुरुस्तीवाल्यानं सांगितलंय की प्रश्न रिकामा ठेवणं म्हणजे कडी न लावता झोपणं.

कळावे, लोभ तपासून घेतलेला आहेच.
सहादेवदादा

खडकवाडी
४ डिसेंबर २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तिन्ही चूक. सोमवारचा उपास तुझा आहे, आईचा गुरुवारचा. बिस्किटं तिनं दात गेल्यापासून सोडली, ती चहात भाकरी कुस्करून खाते. आणि दादा, डावा खांदा तर मी पहिल्याच पत्रात लिहिला होता. वाचलास, की तेवढा मजकूर संशयास्पद वाटून गाळलास?

मी उत्तरं वाचत होते तेव्हा ती पदरानं चष्मा पुसत बसली. मला तुझा फार राग आला, तो लिहून टाकते म्हणजे डोक्यात राहणार नाही. मग तीच म्हणाली की तीनदा चुकलं की दार बंद हुतं, हे त्यानंच शिकवलंय. आता समोर येऊन तोंड दाखवलं तरच.

तू ये. कॉम्प्युटर बंद करून ये, बंद कॉम्प्युटरला व्हायरस चढत नाही.

तुझी,
हौसा

सावेडी
१६ डिसेंबर २०२५

चि. सौ. हौसास अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तांदळाची पिशवी जीपच्या टपावरून उतरवताना थोडी फाटली, पण बहुतेक तांदूळ घरी आला.

जीपमधून उतरलो तेव्हा आई ओट्यावरच होती. तिनं उजव्या हातानं माझं तोंड चाचपलं आणि आत तुला सांगितलं की चोर न्हाई, वाळलाय निस्ता. मला रडू आलं ते तू पाहिलंस, दिपालीला सांगू नकोस. अकोल्याच्या डॉक्टरनं व्यायाम सांगितले, मी रोज सकाळी तेल लावून तिचा हात वर करायचो. ती मला तिच्या माहेरची ओढ्यातली खेकडी, बापानं आणलेली पिवळी चोळी, असं काय काय सांगायची. इतकी वर्षं मला वाटायचं की तिला सांगण्यासारखं काही नाही. निघायच्या दिवशी तिचा हात कानापर्यंत गेला. वंशावळीतले उरलेले वंश वाचले तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

काल कॉम्प्युटर उघडला. मशीननं प्रश्न विचारला. मी बोटं ठेवली, आणि माझ्या लक्षात आलं की आईला नाव विचारायचं राहूनच गेलं. चार दिवसांत एकदाही आठवलं नाही. ज्या कामासाठी आलो तेच विसरणारा पहारेकरी तू कुठे पाहिला नसशील.

तेव्हा आता एवढं कर. सगळे निर्बंध मी उठवतो. फोनवर सांग, मेसेज कर, उघड्या पोस्टकार्डावर लिहिलंस तरी चालेल.

आईला दोन्ही खांद्यांसकट नमस्कार.
सहादेवदादा

खडकवाडी
२१ डिसेंबर २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

आईचा हात आता कानाच्या वर जातो, पण व्यायाम माझ्याकडून करून घेत नाही. म्हणते, हौसाला जमत न्हाई, तो लई बेतानं करतो. जेवण सुधारलंय. जीपची वेळ मात्र अजून पाळते.

नाव मी कळवणार नाही. तुला खरं सांगून टाकते. ते मला तुझं पहिलं पत्र आलं त्याच संध्याकाळी कळलं. आम्ही वाल सोलत होतो, मी विचारलं, आणि तिनं एका दमात सांगितलं. सांगताना लाजली. गोड नाव आहे. तेव्हाच पाकिटात घालून पाठवणार होते, तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली की त्याला कळवू नको. नाव कळल्यावर तो हिकडं येईल कशाला?

तुझी,
हौसा