तळपायावरचा ठिपका

डॉक्टरम्मा, तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुमची आठवण आली की मी मनातल्या मनात हात जोडत होते. आज ते जमत नाही. आज मला तुमचा राग आलाय, आणि तो सांगायला तुमच्याखेरीज कोणी नाही, म्हणून दुपारची भांडी मोरीत तशीच ठेवून लिहायला बसले आहे. मुलगी स्कूटी घेऊन छपाईच्या दुकानात गेली आहे. तासाभरात येईल. तिच्या वडिलांना ज्या डॉक्टरनं पहिल्यांदा तपासलं, त्याच्याविरुद्ध ती तक्रार छापून आणणार आहे आणि खाली मला सही करायची आहे. तिचे वडील, म्हणजे माझे यजमान, चार वर्षांपूर्वी गेले. डाव्या तळपायावर एक ठिपका होता, तो कॅन्सरचा निघाला. तुम्ही असता तर तुम्ही तो ठिपका चष्मा कपाळावर सरकवून, खाली बसून बघितला असता. पण तुम्ही नव्हता. मी होते, आणि मला बघायला तुम्हीच शिकवलं होतं.

राजवाड्यामागच्या गल्लीत तुमचा दवाखाना. मी एकोणीस वर्षांची, आठवी नापास, झाडायला आणि सुया उकळायला ठेवलेली. रोगी दाराशी चपला काढायचे, मी वजन घ्यायचे आणि नंबरचा पत्रा हातात द्यायचे. एक दिवस ओरत्तनाडूकडची एक बाई पत्रा घ्यायला हात पुढे करते, आणि मी तिच्या नखांकडे बघत राहते. मग आत येऊन तुम्हाला सांगते, "त्या बाईच्या नखात पाणी साचेल." तुम्ही हातातलं काम टाकून बाहेर येता, ड्रॉपरनं तिच्या नखावर पाण्याचा एक थेंब सोडता. थेंब ओघळत नाही. नख मधून खोलगट, चमच्यासारखं, रंग कागदासारखा. तुम्ही तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघता, जीभ बघता, आणि मला म्हणता, "अगं, तुला डोळे आहेत की! मग इतके दिवस नुसती फरशी का बघत होतीस?" तिच्या अंगात रक्तच नव्हतं. पुढे तीन महिन्यांनी ती वांगी घेऊन आली होती तुमच्यासाठी, टोपलीभर, आणि आपण दोघी आठवडाभर वांगीच खात होतो.

त्या दिवसापासून तुम्ही ती पद्धत पाडलीत. वजन घेताना मी रोग्याचे हात, पाय, नखं, मान बघायची, जे दिसेल ते एका चिठ्ठीवर लिहायचं आणि रोगी आत येण्याआधी तुमच्या टेबलावर ठेवायचं. मला लिहिता येत होतं ते तमिळ. तमिळमध्ये लिहिलं तर बाकावर बसलेला प्रत्येक जण वाकून वाचणार, आणि आपल्या गावात कुणाच्या अंगावर डाग आहे ही बातमी मुलीचं लग्न मोडायला पुरते. म्हणून तुम्ही मला देवनागरी शिकवलीत. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात बोलतो ती आपली मराठी, पण ती लिहिलेली अशी दिसते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुपारी डबा खाऊन झाल्यावर अर्धा तास, पाटीवर नाही, औषधाच्या खोक्यांच्या मागच्या बाजूला. मी पहिले जे शब्द लिहायला शिकले ते आई, घर, कमळ असे नव्हते. खवले, फोड, चट्टा, कड, सूज.

आणि ते ओरडणं. शाळेतले एक मास्तर आले होते, दंडावर गोल फिकट चट्टा. मी चिठ्ठीवर लिहिलं, गजकर्ण. मास्तर गेल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत आणि चिठ्ठी माझ्यासमोर फाडलीत. "गजकर्ण हे नाव झालं. मी तुला नाव विचारलं होतं का?" मी तुकडे उचलायला वाकले. "नाव ठेवलं की डोळे मिटतात. कुठे आहे, किती आहेत, केवढा आहे, रंग कसा, कड कशी, उंच आहे की सपाट, खाजतं की दुखतं, हात लावलेला कळतो की नाही. हे सांग. नाव मी ठेवीन, त्यासाठी मी शिकले आहे." मास्तरांना तुम्ही डोळे मिटायला लावून कापसाची वात त्या चट्ट्यावर फिरवली होती आणि त्यांना ती कळली नव्हती. गजकर्णाचं मलम लावत बसले असते तर वर्षभरात बोटं वाकडी झाली असती. मी दोन दिवस रडले, पण पुन्हा कधी नाव लिहिलं नाही. दोन अंगठ्यांची नखं पाठीला पाठ लावून मध्ये फट राहते का ते बघायला शिकले. नख दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो ते मोजायला शिकले. लालीवर काच दाबून ती जाते की राहते ते बघायला शिकले. बायका तोंडाला हळद लावून येतात, तेव्हा कावीळ चेहऱ्यावर नाही, डोळ्यात शोधायची. पोरी दहाही नखांना मरुदाणी, म्हणजे मेंदी, लावून येतात, तेव्हा नखांकडे वेळ घालवायचा नाही, सरळ पापणी ओढायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला साडी दिली नाहीत, तुमचं जुनं इंग्रजी पुस्तक दिलंत, त्वचेच्या रोगांचं, रंगीत चित्रांचं. त्या पुस्तकाच्या पायी मी शब्दकोश घेऊन इंग्रजी वाचायला शिकले. देताना तुम्ही म्हणाला होता, "यातली सगळी माणसं गोरी आहेत. यातला लाल आपल्याकडे लाल दिसत नाही, जांभळट, मातकट दिसतो. तेवढं डोक्यात ठेव." मी ठेवलं. पण त्या पुस्तकात काळ्या कॅन्सरचं जे चित्र आहे ते एका गोऱ्या माणसाच्या पाठीचं आहे. आपल्यासारख्यांना तो तळपायाला, नखाखाली होतो, हे त्यात कुठेच नव्हतं. ते मला मोठ्या इस्पितळात कळलं, कळून उपयोग नव्हता तेव्हा.

पण माझा राग पुस्तकावर नाही. एकदा तुम्ही आजारी होता आणि तुमच्या जागी दुसरे डॉक्टर दोन दिवस बसले होते, आठवतं? एका म्हाताऱ्याचा त्यांनी उजवा हात बघितला आणि मी मागून म्हणाले, "सार, डाव्या हातालाही आहे." तुम्ही परत आल्यावर ते तुमच्या कानावर घातलं गेलं. तुम्ही मला झापलंत. "आयानं डॉक्टरसमोर तोंड उघडायचं नाही. कधीच नाही. रोग्यापुढे त्याची किंमत जाते. सांगायचं असेल ते लिहून ठेव." मी म्हणाले, "पण डाव्या हाताला होतं." तुम्ही म्हणालात, "असू दे. लिहून ठेव." अकरा वर्षं मी तुमच्याकडे काम केलं, त्यातली नऊ वर्षं या एका वाक्यावर. ते असं हाडात बसलं की तुम्ही गेल्यावर, दवाखाना बंद झाल्यावर, मी कुणाचीच आया नसतानाही निघालं नाही.

आता यांचं सांगते. दर शनिवारी यांना तेल लावून न्हायची सवय, आणि तळपायाला तेल मी चोळायचे. तसं चोळताना मला तो ठिपका दिसला. मी म्हणाले, "हे कधीपासून?" हे हसले. म्हणाले, "कालाणी आहे. तुझी तपासणी सुरू झाली का? दवाखान्यात अकरा वर्षं झाडू मारलास, आता माझ्याकडून फी घे." कालाणी म्हणजे कुरूप. जन्मभर ओरत्तनाडूच्या बसमध्ये उभं राहून कचेरीत गेलेला माणूस, कुरूप होणारच. मी अंगठ्यानं दाबून बघितलं. दुखलं नाही. कुरूप दाबलं की माणूस पाय ओढून घेतो, हे मला ठाऊक होतं. औषधाच्या दुकानातून कुरूपाच्या पट्ट्या आणल्या आणि मीच लावत राहिले, एक निघाली की दुसरी. त्या पट्टीनं कातडी पांढरी पडते, भिजल्यासारखी होते, सोलून निघते. ठिपक्याचा रंग आणि कड त्यात बुडून गेली.

आडी महिन्यात, जुलैमध्ये, डॉक्टरकडे गेलो. आमच्या मुलीच्या वयाचा, चांगल्या बोलण्याचा. आताही दाराशी चपला काढतात, डॉक्टरम्मा. प्रत्येक माणूस अनवाणी पायांनी त्यांच्यासमोर जाऊन बसतो आणि कुणी खाली बघत नाही. ब्लड प्रेशर बघितलं, शुगर विचारली, बोटाला चिमटा लावून संगणकात बघितलं. हे म्हणाले, "कालाणी आहे डॉक्टर, बरी होत नाही. बायकोला भीती वाटते." डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. "भिऊ नका अम्मा. जास्त ताकदीची पट्टी देतो." खुर्चीतून उठला नाही. मी फाईलमध्ये चिठ्ठी ठेवली होती. तुमच्या पद्धतीनं, देवनागरीत, नाव न ठेवता, दिसलं ते सगळं. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली आणि मला परत दिली. "हे तुमचं काहीतरी आलंय यात, अम्मा." मी ती घेतली. बाहेर येऊन चप्पल घातली, यांचीही सरळ करून ठेवली, आणि ऑटो बोलावली.

दोन महिन्यांनी ठिपक्यातून रक्त यायला लागलं आणि जांघेत गाठ आली. मोठ्या इस्पितळात एक मुलगी होती, डॉक्टर, नुकतीच शिकून आलेली. ती जमिनीवर उकिडवी बसली आणि यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला. तुमच्यासारखीच. तिनं विचारलं, "किती दिवस झाले?" हे म्हणाले, "आडीत लक्षात आलं." माझी मुलगी शेजारी उभी होती. मीही उभी होते. पुढच्या वर्षी हे गेले.

काल यांचं श्राद्ध झालं. मुलगी त्यासाठी चेन्नईहून आली आहे. आज सकाळी कपाट आवरताना तिला ती फाईल सापडली आणि फाईलमध्ये चिठ्ठी. तिला आपली मराठी कळते, बोलते अर्धी, वाचता अजिबात येत नाही. "अम्मा, हे काय लिहिलंयस? सामानाची यादी?" मी हो म्हणाले असते तर प्रश्न मिटला असता. पण इतकी वर्षं ती चिठ्ठी कुणी वाचली नाही याचाच मला संताप होता. मी मोठ्यानं वाचली. "डाव्या तळपायाला, टाचेच्या पुढे, एकच. तुरीच्या डाळीएवढा. सपाट. रंग दोन, मध्ये काळा, बाजूला तपकिरी. कड सरळ नाही, बोटांच्या बाजूला पसरलेली. दाबून दुखत नाही. तेलानं, साबणानं जात नाही." ती खालीच बसली. म्हणाली, "म्हणजे तुला दिसलं होतं. तू लिहून दिलंस आणि त्यानं परत केलं! अम्मा, त्यानं दोन महिने घालवले अप्पांचे." मी म्हणाले, "त्याला वाचता आलं नाही गं." "मग विचारायचं ना त्यानं! डॉक्टर आहे ना तो? आणि तू तरी का नाही बोललीस? माझ्याशी तर दिवसभर भांडतेस!" तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "जाऊ दे. तुझी चूक नाही. तू तुझं काम केलंस." मग फोन काढून तिनं चिठ्ठीचा फोटो घेतला आणि तक्रार लिहायला बसली. तिला कुणीतरी दोषी हवाय. चार वर्षं ती या एका गोष्टीवर उभी आहे, की वडिलांचे दोन महिने एका माणसानं घालवले.

आणि तो डॉक्टर दोषी नाही असं मी म्हणत नाही. त्यानं वाकायला हवं होतं. पण वाकला असता तर त्याला काय दिसलं असतं? माझ्या पट्ट्यांनी पांढरी केलेली कातडी. काळा, तपकिरी, पसरलेली कड, हे सगळं फक्त त्या कागदावर उरलं होतं. तुम्ही मला बघायला शिकवलंत, लिहायला शिकवलंत, आणि बोलायचं नाही हेही शिकवलंत. दोन देऊन तिसरं काढून घेतलंत. मी आज तुमच्याशी भांडते आहे कारण तुम्ही उलट उत्तर देणार नाही, हेही मला समजतं.

गेटाचा आवाज आला, वाटतं स्कूटी असेल. नाही, शेजारची आहे. हा कागद तिच्या हाती लागला तरी तिला वाचता येणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही, तेव्हा लिहून टाकते. सकाळी ती चिठ्ठी हातात घेऊन तिनं शेवटी विचारलं, "ही कधी लिहिलीस गं? तक्रारीत घालायला हवं." मी म्हणाले, "डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी." तिनं तसं लिहिलं. ती चिठ्ठी मी पोंगलच्या आठवड्यात, जानेवारीत लिहिली होती, डॉक्टरम्मा, तेल चोळताना ठिपका पहिल्यांदा दिसला त्याच संध्याकाळी. लिहून तुमच्या पुस्तकात ठेवली आणि सहा महिने पट्ट्या लावल्या. नाव ठेवू नये हे मला पाठ होतं. पण यांनी हसत कालाणी म्हटलं, आणि मी ते नाव धरलं, कारण ते मला हवं होतं.