ताईत ओला करायचा नाही

१८ नोव्हेंबर, मंगळवार. लातूर

एमआरआय झाला नाही. तनूनं ताईत काढू दिला नाही.

मशीनचा आवाज, बोगदा, डोक्यावर येणारा तो पिंजरा, सगळ्याची तयारी आठवडाभर करून घेतली होती मी. चित्रं काढून समजावलं होतं. ताईत डोक्यातच आला नाही. रोज डोळ्यासमोर असतो म्हणून असेल. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "बाळा, अंगावर तांबं-पितळ काही चालत नाही. हे तेवढं काढ." तनूनं दुसऱ्या हातानं दंड झाकून घेतला. नऊ वर्षांची पोर, पण दोघींना आवरेना. "आईनं सांगितलंय काढायचा नाही! काढला की ती येते!"

ती म्हणजे फिट. घरात तिचं नाव घेत नाही आम्ही.

बाहेर बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. एक बाई उठून जवळ आल्या. "तुम्ही रविवारच्या पुरवणीत लिहिता ना? तुमचा तो गंडेदोऱ्यांवरचा लेख आमच्या शाळेत परिपाठाला वाचला होता मॅडम." आणि मग त्यांची नजर तनूच्या दंडाकडं गेली.

मी म्हणाले, "सासूबाईंनी बांधलाय हो. ऐकतच नाहीत."

तनूचं रडणं थांबलं. ती माझ्याकडं बघत राहिली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मी बांधला. मीच. स्वतःच्या वहीत तरी लिहावं.

उन्हाळ्यात पहिल्यांदा जेवताना तिचा घास हातातच राहिला, डोळे एका जागी. दुसऱ्यांदा तोंड वाकडं झालं. मी सगळ्यांना 'चक्कर' सांगत सुटले. ऊन लागलं, जेवण कमी आहे, वाढीचं वय. मुलीची जात, उद्या कुणी म्हणायला नको. हे माझ्या मनात आलं. माझ्या. ज्या बाईनं... जाऊ दे.

डॉक्टरकडं जायच्या आधी मी कुठं गेले होते? तोंडाला स्कार्फ गुंडाळून, स्कूटीवर, गावाबाहेर, त्या बाबाकडं. स्कार्फ उन्हासाठी नव्हता. घरी येऊन तनूच्या दंडावर बांधला आणि म्हणाले, हा आहे तोवर तुला काही होणार नाही.

मग दिवाळीआधी शाळेच्या मैदानावर झालं. सगळ्या वर्गासमोर. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आई, ताईत तर होता की." तेव्हा तरी सांगायचं. मी म्हणाले, "सकाळी अंघोळीत ओला झाला होता ना, म्हणून."

तेव्हापासून ती एक हात बादलीच्या बाहेर ताठ धरून अंघोळ करते. दंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून, वर रबर. मी रोज त्या रबराला गाठ मारून देते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तनू नीट बोलते, नीट जेवते. फक्त मी काही सांगितलं की एक क्षण थांबते. दूध गरम नाही म्हणाले, तर बोट लावून बघितलं.

डॉक्टरांचा फोन. भूल द्यायची वेळ आली तर देऊ, पण मोठी आहे, समजूतदार आहे, तसंच झालं तर बरं. "घरी समजावून सांगा, तुमचं ऐकेल ती." हो म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी नांदेडला नंबर लावलाय. नवऱ्याची, अनिलची, बँक तिथंच, शनिवार-रविवार सोडून तिकडंच असतो. माझ्या बहिणीचं, अक्काचं घरही आहे. लातूरच्या त्या बाकावर परत बसणं नको, हे खरं कारण. अनिलला म्हणाले, तिथलं मशीन चांगलं आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

निलंग्याहून सासूबाई आल्या, दुपारच्या एसटीनं. पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा. चप्पल काढायच्या आत तनूनं गाठलं.

"आज्जी, हा तू बांधलास?"

"मी? मी कशाला बांधू गं? मी तर तुझ्या आईला कवाच म्हणलं, मोठ्या डॉक्टरला दाखीव."

"आई म्हणली तू बांधलास."

सासूबाई पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आल्या, शेंगा परातीत ओतल्या, सोलायला बसल्या.

"माझं नाव सांगितलीस म्हणं."

"चुकलं, आई."

"न्हाई, चुकलं कशाचं. माझ्या नावावर लई खपतंय. तुझा सासरा ऊस वाळला की म्हणायचा, हिनंच मोटार बंद केली." हसल्यासुद्धा. मग शेंग मोडता मोडता, खाली बघूनच, "लोकांसमोर केलीस तर केलीस. पोरीसमोर करायचं न्हाई."

मी पण शेंगा सोलायला बसले. दुसरं काय करणार होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

अनिल आलेला. डायनिंग टेबलखाली सतरंजी, चारी बाजूंनी चादर सोडली, मोबाईलवर मशीनचा आवाज लावला. ठक ठक ठक, मग भोंग्यासारखं. तनू आत पुतळा. अनिल बाहेरून, "नाक खाजवलं की आऊट!"

सासूबाई खुर्चीवरून, "कसली गिरणी लावलाव रं ही? ज्वारी तरी टाका आत."

आतून तनू खदखदून हसली आणि आऊट झाली. म्हणाली, "आवाजाचं काहीच नाही. लग्नातला डीजे याच्यापेक्षा मोठा असतो."

म्हणजे मशीनची भीती तिला नाहीच. कधी नव्हतीच. मी ज्याची तयारी करून घेत होते ते सगळं तिला आधीच येत होतं. चादरीतून डोकं बाहेर काढून तिनं विचारलं, "पण ताईत काढल्यावर ती आतच आली तर?"

अनिलनं माझ्याकडं बघितलं. ताईत मी बांधला हे त्याला शाळेतल्या प्रकारानंतरच कळलं होतं. तेव्हाही काही बोलला नव्हता. न बोलणं हीच त्याची बोलायची पद्धत.

मी म्हणाले, "बघू हं."

२४ नोव्हेंबर, सोमवार

पहाटेच्या गाडीनं जाताना अनिल म्हणाला, "सोपं आहे. तांब्याची डबी काढून टाक. आतला कागद कापडात शिव. काळ्या दोऱ्यात बांध. मशीनला चालतं, तिलाही चालतं."

अक्काला फोन केला. ती तर एकदम खूश. "बरोबर सांगून राहिलेत ते. मी शिवून ठेवते, तू फकस्त कागद आण."

"अगं, पण ते परत खोटंच."

"मग? टेस्ट होऊ दे आधी. कशाला हरिश्चंद्राची बायको होऊन राहिलीस? पोरीचं डोकं हाय ते, तुझ्या लेखाचा विषय न्हाई."

हे लागलं. लागण्यासारखंच होतं.

तरी दुपारी मी लाल कापडाचा तुकडा शोधून बॅगेत टाकला. असूदे, म्हटलं. लागलाच तर.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. नांदेड

अक्कानं तिच्याकडच्या कापडाची पिशवी आधीच शिवून ठेवली होती. बारीक टाके. तिनं ती उशीखाली सरकवली, मला डोळ्यानं खूण केली.

संध्याकाळी तनूला घेऊन गच्चीवर गेले. खाली रस्त्यावर गाड्यांची गर्दी. सुरुवात करता येईना. पाण्याच्या टाकीला टेकून बसलो दोघी.

म्हणाले, "ताईतानं काही होत नाही तनू. ओला झाला तरी नाही, कोरडा असला तरी नाही. मी घाबरले होते म्हणून बांधला. आज्जीनं नाही. मी."

"मला माहितीय की तू बांधलास."

"हो."

"मग तिथं बाईला खोटं का बोललीस?"

"लाज वाटली."

"माझी?"

नाही, नाही, तुझी कशी, माझी मला, असं काहीतरी भराभर बोलले. किती भराभर. खरं उत्तर इतकं भराभर येत नाही. उन्हाळ्यात 'चक्कर' म्हणत होते तेव्हा लाज कुणाची वाटत होती?

ती ताईताच्या दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "म्हणजे ती कशानंच थांबत नाही?"

याचा विचार मी केला नव्हता. मला वाटलं होतं खोटं काढून घेतलं की खाली खरं असतं, धरायला. तिच्या बाजूनं बघितलं तर मी फक्त तिच्या हातातलं काढून घेत होते.

"औषधानं थांबेल. म्हणून तर फोटो काढायचा, कुठलं औषध ते कळायला."

"नक्की?"

'नक्की' तोंडापर्यंत आलं होतं. "बहुतेक," म्हणाले. ती रागावून खाली गेली. अक्काच्या मुलीबरोबर जेवली, माझ्याशेजारी बसली नाही.

उशीखालची पिशवी तशीच आहे. अक्का जाताना म्हणाली, "सकाळपर्यंत वेळ हाय."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं.

सकाळी ताईत दंडावरच होता. पिशवी मी बॅगेत घेतली होती, हेही लिहून ठेवते.

सेंटरवर भैय्या होते एक, फॉर्म विचारणारे. एका पालकाला आत थांबता येतं म्हणाले. "पण मॅडम, तुमच्याबी अंगावरचं सगळं काढावं लागतंय. बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र."

बांगड्या काढल्या. कानातलं काढलं. मंगळसूत्राच्या फाशापर्यंत हात गेला आणि थांबला. लग्नापासून काढलेलं नाही मी. न्हाताना नाही, तनू झाली तेव्हाही नाही, सिस्टरनं चिकटपट्टी लावली होती वरून. अक्का मागून पुटपुटली, "अनिल थांबतील आत, तू नको काढू." अनिल समोरच उभा होता.

तनू बघत होती. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"काढल्यावर बाबांना काही होतं का?"

भैय्या हसले. अक्का, "असं बोलू नै बाळा." मला हसू आलं नाही. या बाईला वाटतं की होतं. नेमकं असं नाही, पण काहीतरी. मीच ती बाई.

"नाही होत," म्हणाले.

"मग काढ ना."

फासा निघेना. शेवटी तनूनंच मागं येऊन, टाचा उंच करून, काढून दिलं. मग स्वतःचा दंड पुढं केला. मी गाठ सोडली. दोऱ्याच्या जागी गोरी पट्टी राहिली होती.

दोन्ही वस्तू तिनं अनिलच्या हातात दिल्या. "बाबा, सांभाळा. आणि तुम्हाला काही व्हायला लागलं तर लगेच सांगा." अनिल म्हणाला, "जी हुजूर."

आत मी तिचा पाय धरून उभी. कानात बोळे. ठक ठक सुरू झालं. मध्येच तिचा अंगठा हलला, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? काढायला नको होता. पिशवी बॅगेत होती, बांधली असती तर काय बिघडलं असतं. एवढ्या सगळ्यानंतर हेच आलं. पाय घट्ट धरला मी.

बाहेर आल्यावर तनू म्हणाली, "किती जोरात दाबलास गं! मी हलले नाही, तूच हलवत होतीस."

फोटो नीट आलेत म्हणाले. रिपोर्ट थेट डॉक्टरांकडं जाणार.

३० नोव्हेंबर, रविवार. लातूर

ताईत तिनं परत मागितला नाही. अनिलच्या शर्टाच्या खिशातून मीच काढला, कपाटात ठेवला. टाकला नाही. मंगळसूत्र मात्र गाडीत बसल्या बसल्या घातलं होतं.

सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं का? मग आता माझ्या नावावर काय हाय नवीन?"

१ डिसेंबर, सोमवार

उद्या डॉक्टर रिपोर्ट सांगणार.

सकाळी तनू म्हणाली, "मी बाहेर खेळण्यांपाशी बसणार नाही. मी पण आत येणार. माझंच डोकं आहे." मी म्हणाले, हो, तू पण आत. तिनं थांबून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. विश्वास ठेवला असावा.

ती शाळेत गेल्यावर दवाखान्यात फोन केला. आधी आम्हा दोघांना एकटं भेटता येईल का, मुलगी मागून येईल. तिथली मुलगी म्हणाली, "चालतंय की मॅडम. लई जण तसंच करतेत. तुम्ही अर्धा तास आधी या." आभार मानून ठेवला. ठेवल्यावर कळलं काय केलं ते. नंतर दोनदा फोन हातात घेतला, बदलावं म्हणून. मग रिपोर्टमध्ये काय असेल ते डोळ्यासमोर येतं, आणि ते ऐकताना तनू माझ्या चेहऱ्याकडं बघत असेल, हे येतं.

अनिल रजा काढून येतोय. त्याला अजून सांगितलं नाही.

संध्याकाळी ती गृहपाठ करता करता आतून ओरडली, "आई, उद्या किती वाजता निघायचं आपण?" मी फोडणी टाकत होते. तडतडण्यात ऐकू आलं नाही असं दाखवलं.

आता इथं ओट्यापाशीच वही घेऊन बसलेय. ती दारात येऊन उभी आहे. परत विचारत नाही. नुसती थांबली आहे.