बर्फातून काढलेली मुलगी

९ सप्टेंबर

त्यांना माझी गोष्ट नकोच आहे! केंब्रिजच्या अर्जाची माहिती पुन्हा पुन्हा वाचली. आधी वाटलं, मलाच कळत नाहीये. पण नाही, स्पष्ट लिहिलंय — विषयाबद्दल लिहा. काय वाचलंत, वाचून काय वाटलं, जर्मन आणि रशियनच का शिकायचं. मी हॉकीत गोल अडवते त्याचं काय? विषयाशी संबंध असेल तर सांगा. बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते? तेच. चर्चमध्ये चार वर्षं भांडी घासली? तेच!

आणि बर्फाचं तर कुणी नावच काढत नाही.

शाळेत मिसेस पेल्टियरना दाखवलं. कॉलेजांच्या अर्जांचं सगळं त्याच बघतात. आधी हसल्या. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. "सॉल्वी, यात काहीतरी गफलत आहे. अगं, माझ्याकडे मुलं येतात, त्यांच्याकडे लिहायला काही नसतं. कुणाचा कुत्रा मेला, कुणाचा गुडघा मोडला, त्यावर निबंध पाडतात बिचारी. आणि तुझ्याकडे अख्खं तळं आहे!"

अख्खं तळं! जसं काही मी विकत घेतलंय.

१४ सप्टेंबर

आज चर्चमध्ये पास्टरनी नव्या बिऱ्हाडाशी ओळख करून दिली. "ही आमची सॉल्वी. हिलाच बर्फातून काढलं होतं." आडनाव सांगितलंच नाही. गरजच काय!

नऊ वर्षांची होते. घरामागच्या तळ्यावर झऱ्यापाशी बर्फ पातळ होता, तिथे गेले आणि फुटला. शेजारचे टोइवोकाका बर्फावर उभारलेल्या मासेमारीच्या खोपट्यात बसले होते. त्यांनी धावत येऊन मला बाहेर काढलं, आणि थंडीने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यांच्या दवाखान्याच्या खर्चाला पैसे जमवायला चर्चने पॅनकेकची न्याहारी ठेवली होती. ती तेव्हापासून दर फेब्रुवारीत होतेच आहे. मी काकांच्या शेजारी बसायचं, फोटो काढायचा, आलेल्या प्रत्येकाने माझ्या डोक्यावर हात ठेवायचा. मागच्या वर्षी एका बाईंनी माझा हात दाबून बघितला. गरम आहे का ते!

मला स्वतःला काहीही आठवत नाही. थोडा निळा उजेड आठवतो. तोही खरा की पेपरातल्या फोटोतला, देव जाणे.

२२ सप्टेंबर

आईला सांगितलं. आई ओव्हनमधून बटाट्याचं हॉटडिश काढत होती. हातातलं भांडं तसंच राहिलं.

"कुठे?"

"इंग्लंड."

"आपल्या मिनियापोलिसच्या विद्यापीठाला काय धाड भरलीय? तिथे जर्मन शिकवतात, रशियनही शिकवतात. मी फोन करून विचारलंय."

विचारलंय! मला न सांगता! मग मीही बोलले. शाळेत जर्मनचं एकच पुस्तक आहे आणि ते माझं पाठ झालंय. रशियन तर मी दुलूथच्या बंदरावर, खलाशांच्या विश्रामघरात कॉफी वाटता वाटता शिकले. कालच एका म्हाताऱ्या रशियन खलाशाने माझे उच्चार ऐकून कपाळावर हात मारला आणि मग स्वतःचं वाचत असलेलं पुस्तकच देऊन गेला. मला या भाषा नीट शिकायच्यात. जिथे सगळ्यात कडक शिकवतात तिथे.

आईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "टोइवोने तुला मला परत दिलं, ते काय समुद्रापार पाठवायला?"

गेली आठ वर्षं कोणाच्याही तोंडावर हे वाक्य फेकलं की वाद संपतो. मी नुसती जेवले.

५ ऑक्टोबर

आणखी एक धक्का! ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, एका वर्षी दोन्हीकडे अर्ज करताच येत नाही. एकच निवडा! आमच्या वर्गातला डार्बी सतरा ठिकाणी अर्ज करतोय, त्यातल्या चार गावांची नावंही त्याला नीट घेता येत नाहीत. मिसेस पेल्टियर म्हणाल्या, "हे कसले लोक? तहानलेल्याला एकाच विहिरीत बादली सोडायला लावतात!"

केंब्रिजच ठेवलं.

११ ऑक्टोबर

अर्ज गेला. बर्फाचा उल्लेख नाही. एका जर्मन कथेबद्दल लिहिलं, त्या खलाशाच्या पुस्तकाबद्दल लिहिलं. वाचून बघितलं तर मीच मला ओळखू येईना. छान वाटलं, आणि भीतीही वाटली.

शिफारस मिसेस पेल्टियरनी लिहिली. ती आपण वाचायची नाही अशी रीत आहे. त्यांनी मला डोळा मारला. मारायला नको होता!

२४ नोव्हेंबर

तळं गोठलं. बाबा खनिज वाहणाऱ्या बोटीवर आहेत, त्यांचा फोन आला. तळं गोठलं की त्यांचं दरवर्षीचं भाषण ठरलेलं, मी सहा वर्षांची होते तेव्हापासून. "फुटला तर उभं राहायचं नाही. पाय मारत पोटावर वर यायचं आणि लोळत सुटायचं. काय करायचं?" "लोळत सुटायचं, बाबा." सतरा वर्षांच्या मुलीकडून वदवून घेतात.

त्यांना मुलाखतीला बोलावल्याचं सांगितलं. बोलावलंय! ऑनलाइन! इंजिनाच्या आवाजात त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आईला सांगितलंस?"

सांगितलं. ती कपाटं पुसायला लागली.

९ डिसेंबर

संपलं सगळं. माझं काही होत नाही.

मिसेस पेल्टियरनी दोन आठवडे तयारी करून घेतली होती. हसत राहा, डोळ्यांत बघ, तुझी जिद्द दिसू दे. पहाटे उठून केस बांधले, चर्चचा ब्लाउज घातला. पडद्यावर एक बाई आणि एक गृहस्थ. बाईंचं नाव डॉ. हॅथर्ली. स्वेटरच्या कोपराला भोक! मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पहिलंच वाक्य — "तुमच्या शिफारशीत लिहिलंय की तुम्हाला एका तळ्यातून वाचवलं. वाचलात ते बरं झालं. आता समोरचा उतारा बघू."

एवढंच! माझ्या आयुष्यात बर्फाचा विषय कुणी एका वाक्यात मिटवलेला नाही. लोक रडतात. मिठी मारतात. या बाईंनी पान उलटलं!

उतारा जर्मनमधला. एका गावाला आग लागते, आणि देवळातला घंटावाला रात्रभर घंटा वाजवून गाव वाचवतो, फक्त काही म्हातारे मागे राहतात. मी म्हटलं, किती शूर माणूस! जिद्द, समाज, त्याग, शाळेत शिकवलेलं सगळं ओतलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"हे सांगतंय कोण?"

"निवेदक."

"तो तिथे होता?"

"हो."

"कुठे म्हटलंय?"

शोधलं. कुठेच नव्हतं! तो म्हणतो, मी दुसऱ्या वर्षी त्या गावात गेलो, लोकांनी सांगितलं.

"मग घंटा ऐकली कुणी?"

"अख्ख्या गावाने."

"तिसऱ्या ओळीत गाव आधीच रिकामं झालंय."

मी म्हटलं, मग घंटा वाजलीच नसेल. त्या म्हणाल्या, "असं मी म्हटलं नाही. मी विचारलं, ऐकली कुणी." मग मी पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागले, मोठ्याने, आणि मधेच थांबून म्हटलं की गावाला ती घंटा वाजायला हवी होती, कारण आपण म्हाताऱ्यांना मागे टाकून पळालो हे सांगण्यापेक्षा ते सोपं. गृहस्थ म्हणाले, "मला नाही पटत." मी म्हटलं, "मला पटतंय!" भांडलेच त्यांच्याशी! अमेरिकेत मुलाखतीत असं कुणी करत नाही. शाबासकी नाही, छान म्हणणं नाही. वेळ संपली, धन्यवाद, पडदा बंद.

बाहेर आले तर आई दारातच. "बर्फाचं विचारलं का?"

"नाही."

तिला राग आला. माझ्यापेक्षा जास्त. "माणसं आहेत का कोण!"

गंमत म्हणजे मला रडू येत नाहीये. तो अर्धा तास मी बर्फातून काढलेली मुलगी नव्हते. नुसती एक चुकीचं वाचणारी मुलगी होते.

१९ डिसेंबर

अरे देवा. आईने डॉ. हॅथर्लींना वाइल्ड राइसचं, म्हणजे इथल्या रानतांदळाचं, पुडकं पाठवलं! आणि घरच्या मेपलच्या पाकाची बाटली! तिला मी जायला नको आहे, तरीही! "त्यांनी वेळ दिला. आभार मानायचे नाहीत? आपण काय रानटी आहोत?"

कार्यालयाचं उत्तर आलं. अत्यंत सभ्य. उमेदवारांकडून भेटी घेता येत नाहीत, परत पाठवत आहोत, बाटली वाटेत फुटली असल्याने क्षमस्व. आधीच मी तिथे भांडून आलेली, त्यात हे लाच दिल्यासारखं!

मी दिवसभर उशीत तोंड खुपसून पडले होते.

२० डिसेंबर

आई उशिरा खोलीत आली. म्हणाली, "पाक घट्ट होता का गं?" मला हसूच फुटलं. ती पण हसली. मग लगेच गंभीर झाली आणि गेली.

२८ जानेवारी

मिळालं!!

मे महिन्याच्या परीक्षांत वरचे गुण मिळाले तर जागा माझी! माझा विश्वास बसत नाही. बाबा बोट हिवाळ्यासाठी बांधून घरी आलेत, ते मोबाइलवर चित्रीकरण करत होते. इथे सगळेच करतात — पोर किंचाळतं, आईबाप उड्या मारतात, गावभर पाठवायचं. पत्राची सुरुवातच इतकी थंड की मला वाटलं नकार आहे, मी म्हटलं "जाऊ दे बाबा, बंद करा," आणि त्यांनी बंद केला. मग तिसरी ओळ वाचली. त्यामुळे माझी किंकाळी कुठेच नाही!

डॉ. हॅथर्लींनी दोन ओळी जोडल्यात. आपल्याशी वाद घालणं आवडलं, शरद ऋतूत पुढे चालू ठेवू.

भांडण आवडलं!

आई स्वयंपाकघरात होती. तिने मला जवळ घेतलं, घट्ट, आणि माझ्या केसांत म्हणाली, "नको जाऊस." ओरडली असती तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी

आई बोलत नाही. म्हणजे बोलते — मीठ दे, दार लाव. बाबा म्हणतात, "तिने हो म्हटल्याशिवाय मी तुझ्या पासपोर्टच्या अर्जावर सही करणार नाही. तू बर्फात पडलीस त्या वर्षी बोटी फेब्रुवारीपर्यंत चालल्या, मी बोटीवर होतो. दवाखान्यात ती एकटी होती." खरं आहे. तिला असं रडवून मी जाऊ शकणार नाही, हेही खरं आहे.

८ फेब्रुवारी

पास्टर आले होते. यंदाच्या न्याहारीला मी उभं राहून गोष्ट सांगावी, मग निरोप. "तू पहिल्यापासून सांग, लोकांना ऐकायचंय."

लिहायला बसले. पेपरातलं जुनं कात्रण पुढ्यात घेतलं. 'शेजाऱ्याने चिमुरडीला बर्फाच्या जबड्यातून ओढून काढलं.' आणि डोक्यात त्या बाई! हे सांगतंय कोण? बातमीदार. तो तिथे होता? नाही, दुलूथहून दुसऱ्या दिवशी आला. मला आठवत नाही. आई घरात होती. बाबा बोटीवर होते.

आठ वर्षांत हे कुणी विचारलंच नाही.

१५ फेब्रुवारी

विचारलं. पॅनकेक खाताना, हळूच. "काका, हे बघितलं कुणी?"

टोइवोकाकांनी काटा खाली ठेवला. त्या तीन बोटांच्या हाताने टेबलावरचा पाक पुसत राहिले.

"कधीतरी विचारशील असं वाटायचं," ते म्हणाले. "पोरी, मी खोपट्याबाहेर आलो तेव्हा तू पाण्यात नव्हतीसच. तुझी तू वर आली होतीस. लोळत लोळत पार गवतापर्यंत पोचली होतीस. मीच गाढवासारखा उभ्याने धावलो आणि आत गेलो. तू तिकडून ओरडत होतीस, 'उठू नका काका! लोळत या! लोळत या!' त्या आवाजावर आलो मी. दोघं ओलेचिंब काठावर सापडलो, लोकांनी मीच तुला काढलं असं धरलं. मी दवाखान्यात शुद्धीवर आलो तोवर पेपरात छापून झालं होतं, आणि बायका पॅनकेकचं पीठ भिजवत होत्या. मग कुणाला काय सांगू?"

आई कॉफीची किटली घेऊन आमच्या मागेच उभी होती. सगळं ऐकलं तिने. माझ्याकडे बघत राहिली — आठ वर्षांत पहिल्यांदाच नुसती माझ्याकडे.

मग किटली खाली ठेवली. "सॉल्वी," म्हणाली, "पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात गं?"