आठ कार्बनांचा पिंजरा

४ फेब्रु., मंगळ.
सातिवली. पिंजरा मिटला एकदाचा. आठ कार्बन, आठ कोपरे, सगळे काटकोनात. कार्बनला एवढं वाकणं सोसत नाही, तरी टिकलाय. दोन कोपऱ्यांवर आम्लाच्या फांद्या आहेत. त्या तोडल्या की नुसता घन.
दुपारी कारखान्याचे शेठ आले. "पाटील, महिनाअखेर ही खोली पुठ्ठ्याच्या गोडाउनला दिली. तुमचा ठोकळा तोवर झाला तर झाला."
माल एकदाच पुरेल एवढा. पुन्हा सुरुवातीपासून करायला खोली नसेल.

७ फेब्रु., शुक्र.
वीज नाही, दर शुक्रवारसारखी. नायगावला घरी लवकर. वीणा म्हणाली, "एवढी वर्षं एका ठोकळ्यासाठी? खेळण्यांच्या दुकानात डबाभर मिळतात." हसलो. मग भाजी निवडता निवडता तिनंच, "आणि झाला तर?"
"तर झाला."
एक जुडी ओढून मीही निवडायला बसलो.

१३ फेब्रु., गुरु.
फांद्या तुटल्या. असं वाटतं. विद्रावक काढल्यावर चंबूच्या तळाशी पांढरे स्फटिक, नखभर. तपासणीला उद्या पाठवायचे. आमचा ऑपरेटर फ्रान्सिस वाकून बघत राहिला. वटारचा, घरची केळीची वाडी. "एवढ्यासाठी एवढं, सर? आमच्या केळींना कोणी एवढं केलं असतं तर..."
दमलो होतो. चंबू वाळायला हवा ओढणाऱ्या पंपावर लावला, निघालो. आमच्याकडे सगळंच रात्रभर पंपावर वाळतं.

१४ फेब्रु., शुक्र.
चंबू रिकामा. स्वच्छ.
फांद्या असलेलं आम्ल पंपावर कधी उडालं नाही. नुसता घन कापरासारखा उडतो. माहीत होतं. वाचलेलं होतं. तरी सवयीनं...
पंपाच्या अलीकडे, कोरड्या बर्फात बुडवलेल्या नळीत, पांढरा थर. उडालेलं तिथं गोठतं. हवेतली वाफही तिथंच गोठते.
"पानी असेल, सर."
"असेल."
"मग काढा की बाहेर. कळेल."
पाणी असेल तर वितळेल. घन असेल तर तसाच राहील. एवढंच. तरी तासभर काढवेना.
वीज गेलेली, पंप गप्प. शेठचा फोन वाजला, घेतला नाही.
शेवटी नळी काढली, बूच लावून टेबलावर ठेवली. फ्रान्सिस स्टूल ओढून समोर बसलाय. काचेवर बाहेरून दव धरलंय. पुसतो, पुन्हा धरतं. आतलं अजून दिसत नाही.