शबानाला आलेला वास

मंगळवार, नवीन पनवेल

आज सोलर सेलच्या मोठ्या काचेवर पातं ओढलं आणि पेरोव्हस्काइटचा, म्हणजे उन्हातून वीज करणाऱ्या पदार्थाचा, थर आरशासारखा बसला. तो पदार्थ विरघळवायच्या नव्या, बिनविषारी सॉल्व्हंटमधून चार महिने नुसते डाग येत होते. लॅबमध्ये टाळ्या वाजल्या.

माझ्या हाताखाली काम करणारी शबाना मात्र नाक दाबून म्हणाली, "ताई, सुक्या मासळीचा वास येतोय." तिला सहावा महिना आहे. सर हसले, "तुला हल्ली चहाचासुद्धा वास येतो!" मीही हसले. का हसले?

मासळीचा वास जुन्या सॉल्व्हंटला यायचा. पोटातल्या बाळाला घातक, म्हणून तर आपण ते बंद केलं. नवं सुरक्षित, म्हणूनच शबानाला या कामावर बसवलं. परवा पाहुणे थर बघायला येणार आहेत. थर नीट यावा म्हणून सरांनी थोडं जुनं मिसळलं असेल? की मीच संशयी झालेय? पण आज मी सॉल्व्हंटच्या बाटलीला हात लावताच सर म्हणाले, "राहू दे, मी भरतो." एरवी कधी भरतात?

आणि तो वास. नंतर मलाही आला.

सरांना विचारलं तर ते मला पटवतील आणि मी पटवून घेईन. म्हणून आधी शबानाला फोन केला. उद्या येऊ नकोस म्हटलं.

"ताई, तुमच्याच फोनची वाट बघत होते," म्हणाली.