केळझरले मामाच्या तोंडाले फेस

ती. सौ. सीताताईले,

सेलूहून प्रेमदासचा दंडवत. (मनातल्या मनातच घे, वाकलो का अजून ढेकर येते.) तुह्या गुडघ्याले आता कसं आहे? भाऊजीचा खोकला गेला का? इकडं आम्ही बरे आहो. तुहा चंदन तर जरा जास्तच बरा आहे, ते पुढं येईलच. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस अन् अर्धी आष्टी ऐकते, म्हणून लिहून राह्यलो.

तर रविवारी चंदनले घेऊन केळझरले पोरगी पाह्यले गेलतो. माणसं चांगली. वडील सदाशिवराव, आजी मनकर्णाबाई अन् पोरगी अपेक्षा. मले वाटलं, चहा-पोह्यावर भागेल. त्याइनं तं पाटवडीचा रस्सा अन् तुपात न्हालेल्या पुरणपोळ्या वाढल्या! मी नाई नाई म्हणत होतो, पण माह्या नाईत काही दम नसते, हे तुले माहीत आहे. हात धुवून बैठकीत बसलो तं पोट तट्ट. श्वास वरचा वर.

खिशात गॅसवरची ती फसफसणारी पावडर होती. आता तिथं सगळ्याइच्या समोर पेल्यात पावडर फसफसवणं म्हणजे तुमच्या जेवणानं माह्यावाली ही गत झाली, असं तोंडावर सांगणंच ना! म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर पाह्यल्यासारखं केलं, पाठ फिरवली, पुडी फाडली अन् कोरडीच तोंडात टाकली.

ताई, मांजरीच्या अंगावर पाणी टाकलं का ती जशी उसळते, तसं माह्या तोंडात काहीतरी उसळलं. तोंडातून फेस, नाकातून फेस, मिशीवर फेस. डोळ्यातून पाणी. ठसका लागून मी सगळ्याइकडं तोंड फिरवलं अन् बैठकीत एकच गोंधळ झाला.

"कुत्रं चावलं का यायले?" सदाशिवराव खुर्चीवर चढून ओरडले.

"अवो, देवी आली त्याइच्या अंगात!" मनकर्णाबाईनं पदर पसरला.

कोणीतरी फिट आली समजून माह्या नाकाले चप्पल लावली. (कोणाची होती माहीत नाई, पण गोठ्यातूनच आली होती.) अपेक्षा चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग खाली पडलेल्या पुडीकडं पाह्यलं, अन् कोणाले न दिसू देता पुडीवर पाय ठेवला. चंदननं ते पाह्यलं. दोघंही असे गालातल्या गालात हसले का मी मरतो का जगतो, याची तुह्या पोराले काहीच पडली नोती.

दुसऱ्या दिवशी घसा खरवडल्यासारखा वाटला, म्हणून डॉक्टरकडं गेलो. ते आधी पोटभर हसले, मंग पोटभर बोलले. म्हणे, ही पावडर पेलाभर पाण्यात टाकायची, फसफस बसू द्यायची, मंगच प्यायची. पोट गच्च भरलं असताना तर घ्यायचीच नाई, आपलं थोडं चालायचं. त्यात सोडियम असते, म्हणून बीपी अन् किडनीवाल्याइनं विचारल्याबिगर घ्यायची नाई. दुसऱ्या गोळ्या चालू असतील तं मधात वेळ सोडायचा. अन् रोजच लागून राह्यली, का छातीत दुखलं, तं पुडी नाई, दवाखाना. हे सगळं पुडीवर लिहिलं आहे म्हणे. मी म्हटलं, साहेब, मी फक्त किंमत वाचतो.

भाऊजीले नमस्कार.

तुहा
प्रेमदास

ता. क. चंदनले पोरगी पसंत आहे. पोरीलेही चंदन पसंत आहे. मामाबद्दल तिनं काही मत दिलं नाई.

ता. क. आता खरं काम. कुत्रं का देवी, असं आजीनं विचारलं तेव्हा मले देवीच बरी वाटली, म्हणून मान हलवली. तिनं विचारलं, घरात अजून कोणाले येते? तोंडात फेस होता, घाईत 'ताईले' निघून गेलं. मनकर्णाबाई येत्या मंगळवारी नारळ घेऊन तुह्याकडं येऊन राह्यल्या, हे लग्न करायचं का नाई हे देवीले विचारायले. तुले बीपी आहे, फेसाच्या भानगडीत पडू नको. नुसते केस सोडजो, डोळे फिरवजो अन् 'होय' म्हणजो. बाकी तू भाऊजीवर चिडतेस तशीच घुमजो, कोणाले शंका येणार नाई.