नव्वद सेंटिमीटरची वाट

लूर्दिन्यी,
शनिवार, १२ एप्रिल २०२५

ओडील,

मंगळवार, ८ एप्रिल रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या कचेरीने माझ्या नवऱ्याची वाट अडवली. वेळ अंदाजाने लिहीत नाही. तिथेच उभी राहून, तुझ्या कचेरीच्या दिदिएकडून पेन्सिल मागून घेऊन, औषधांच्या पावतीमागे टिपून ठेवली आहे.

रीत म्हणून खुशाली. माझा गुडघा ठीक. आर्मांचा रक्तदाब ठीक. तुझ्या नातवाला पहिला दात आल्याचं औषधांच्या दुकानात कळलं, आनंद वाटला. रीत संपली.

जुन्या रेल्वे फाटकापाशी, जिथे सायकलींची वाट गावरस्ता ओलांडते, तिथे तुझ्या माणसांनी लोखंडी नळ्यांचे दोन अडसर रोवले आहेत. एक उजवीकडून, एक डावीकडून. मधून नागमोडी निघायचं. मोटारसायकली आणि ती चार चाकांची धुडं रविवारी वाटेवर धुमाकूळ घालतात, त्यांना रोखायला. घालतात धुमाकूळ, मलाही ठाऊक आहे. गेल्या ऑक्टोबरात एकाला मी छत्री दाखवली होती. पण मधली जागा नव्वद सेंटिमीटर आहे. आमची सायकल एक मीटर दहा.

आमची सायकल तू पाहिली आहेस. कचेरीच्या खिडकीतून पाहिली असशील. तीन चाकं, दोन आसनं शेजारी शेजारी, हँडल आणि ब्रेक माझ्याकडे, पाय दोघांचे. आर्मांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. माझ्याबाबतीत त्याचं काही बिघडलेलं नाही असं तो म्हणतो.

दिदिए शेवटचा बोल्ट आवळत होता.

"हे काय लावलंस?" मी विचारलं.

"सोलांजबाई, माप मी ठरवत नाही. कागदावर नव्वद आहे, नव्वद लावलं."

"आणि ही सायकल कितीची दिसते?"

"एकशे दहा असेल."

"तुला दिसतंय ना? छान. ज्याला दिसत नाही तो हिच्यावर बसलाय."

बिचाऱ्याचे कान लाल झाले. एका अडसराचा दांडा उघडायची किल्ली आहे म्हणाला. एक कचेरीत, एक आगीच्या बंबवाल्यांकडे, एक शेतकरी लांबेरकडे, कारण त्याचा ट्रॅक्टर जातो. "मेयरबाईंना एक शब्द टाका, तुम्हालाही देतील. सख्ख्या बहिणी तुम्ही." मला किल्ली नको आहे, ओडील. हे नीट वाच. मी किल्ली मागायला आले नाही आणि येणार नाही. त्याच सकाळी एक डच जोडपं आलं. सायकलीमागे जोडलेल्या गाडीत त्यांचं लेकरू झोपलेलं. नवऱ्याने पिशव्या सोडल्या, गाडी सोडली, लेकरासकट उचलून पलीकडे ठेवली. त्याच्या खांद्यांत ताकद होती. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कोण उचलणार? त्या सगळ्यांना तू एकेक किल्ली टपालाने पाठवणार आहेस का?

ही वाट आर्मांने केली. मेयर असताना अकरा वर्षं त्याने जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घातले. रूळ उखडलेली, काटेरी झुडपांनी भरलेली पट्टी होती ती. तू उपमेयर होतीस, तूच म्हणायचीस, आधी शाळेचं छप्पर, मग सहलीवाल्यांचे लाड. तुझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आज प्रथमच कबूल करते. पण आता वाट आहे, व्हेर्नोपर्यंत चौदा किलोमीटर, एकही मोटार नाही. तो तिच्यावर डोळ्यांनी चालत नाही. चाकाखालचा आवाज बदलला की सांगतो, "मोरी आली." गार वारा लागला की, "डोंगर कापलाय तो भाग." पॉपलरच्या झाडांची रांग त्याला पानांच्या सळसळीवरून कळते. जर्मन, बेल्जियन, पाठीमागे तंबू बांधलेली पोरंटोरं, सगळी हात करून जातात, आणि मी "डावीकडून दोघं" म्हटलं की तो बरोबर डावीकडे हात हलवतो. घरात त्याला मी कप हातात द्यावा लागतो. तिथे तो मला रस्ता सांगतो.

बुधवारी मी मूर्खपणा केला. अडसर टाळून मोठ्या रस्त्याने जाऊ, दीडच किलोमीटर आहे, पुढे पाणचक्कीपाशी पुन्हा वाटेला लागू, असं ठरवलं. लाकडाचा ट्रक आला. त्याने हॉर्न वाजवला नाही, वेगही कमी केला नाही. त्याच्या वाऱ्यानेच आम्ही कडेला फेकलो गेलो, उजवं चाक चरात. कोणाला काही झालं नाही. पण आर्मांला काही दिसलं नव्हतं, ओडील. त्याला फक्त तो आवाज अंगावर येताना ऐकू आला. घरी आल्यावर त्याने हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि म्हणाला, "पुरे आता."

तेव्हापासून तो खिडकीपाशी बसून आहे. आज चौथा दिवस. मी फिरायला चल म्हटलं की म्हणतो, "तू जाऊन ये." तू त्या माणसाबरोबर बारा वर्षं काम केलंस. तो "पुरे" म्हणाल्याचं तुला आठवतं का? मला नाही आठवत.

आता तू म्हणशील, ताई, सूचना पंधरा दिवस फलकावर लावली होती. कचेरीत वही उघडी ठेवली होती, कोणाची हरकत असेल तर लिहा म्हणून. दिदिएही तेच म्हणाला. "वही कोरी राहिली, बाई. एका माणसाने एक ओळ लिहिली असती तरी माप पुन्हा बघावं लागलं असतं." खरं आहे. मी ती सूचना वाचली नाही. गेली पाच वर्षं मी तुझ्या दारावरून जात नाही. औषधांना जायचं तरी चर्चच्या मागून वळसा घालते, पावसातसुद्धा. कचेरीच्या कामांना शेजारीण जाते.

मी तुझ्या दारावरून का जात नाही ते आपल्याला माहीत आहे असं गावाला वाटतं. बहिणीने नवऱ्याची खुर्ची घेतली, म्हणून. मी गावाला तसं वाटू दिलं. तुलाही.

हे पुढचं तीनदा लिहून फाडलं आहे. चौथ्यांदा फाडणार नाही.

जून २०२० मधली ती मतमोजणी. तू त्याच्याविरुद्ध उमेदवारांची यादी काढलीस म्हणून मी पेटले होते. आपल्या गावात यादीतलं नको ते नाव खोडायची मुभा आहे, हवं ते लिहायची मुभा आहे, प्रत्येकजण पेन्सिल घेऊनच पडद्याआड जातो. मी पेन घेऊन गेले. आर्मांची यादी घेतली. तुझं नाव त्या यादीत नव्हतंच, तर खोडणार काय? म्हणून ते खाली लिहिलं, आणि मग पट्टीने सरळ रेघ मारून खोडलं. त्याने समाधान झालं नाही. शेजारी "विश्वासघातकी" असा शब्द लिहिला.

एकतीस वर्षं टपालाच्या खिडकीमागे बसलेली बाई मी. कागदावर कुठे काय लिहायचं नसतं हे मी लोकांना शिकवायची. मतपत्रिकेवर शेरा लिहिला की ती बाद होते हे मला पक्कं माहीत होतं. त्या क्षणी माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी दोरीमागे इतरांसोबत उभी होते. तू टेबलाशी पाकिटं उघडून नावं वाचत होतीस. एक कागद तू उघडलास आणि थांबलीस. वळणदार मोठी अक्षरं, सिस्टर फिलोमेनने मठाच्या शाळेत तुला आणि मला एकाच बाकावर घोटून घेतलेली. गावात तसं अक्षर दोघींचंच. तू मान वर केली नाहीस. "बाद, शेरा आहे," एवढंच म्हणालीस, तो शेरा वाचला नाहीस. बाकीच्यांनी सही करावी म्हणून कागद सरकवलास तेव्हा तुझा तळहात त्या शब्दावर होता. मी पाहिलं.

गावच्या सभेतल्या अकरा जागांपैकी शेवटच्या जागेला बेकरीवाल्या फ्लोरांला एकशे आठ मतं पडली, आर्मांला एकशे सात. माझं मत धरलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत वयाने मोठा तो निवडून येतो. आर्मां फ्लोरांहून तीस वर्षांनी मोठा. तो निदान सभेत बसला असता. तुझ्या शेजारी बसून भांडला असता, आणि अडसराचं माप टेबलावर आलं तेव्हा त्याने विचारलं असतं की तीन चाकांचं काय.

म्हणजे त्याला तू पाडलं नाहीस. मी पाडलं. आणि ज्या एका माणसाला हे माहीत होतं, त्याच्या दारावरून मी पाच वर्षं गेले नाही.

याने तुझा अडसर बरोबर ठरत नाही. नव्वद हे माप चुकीचंच आहे.

पाकीट बंद करण्याआधी हे पत्र मी आर्मांला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तो स्वतः वाचू शकत नाही याचा आणखी फायदा घ्यायचा नाही असं ठरवलं आहे.

*

सायंकाळी पाच.

वाचून दाखवलं. सगळं, तो शब्दही.

 आर्मां म्हणाला, "एका मताने?"

"एका मताने."

"तुझ्या?"

"माझ्या."

"आणि मी पाच वर्षं फ्लोरांचा पाव खाल्ला नाही! व्हेर्नोचा तो रबरासारखा पाव चावतोय. माझा एक दात गेला त्यात, सोलांज!"

"दात आधीच हलत होता."

"तुझ्या मतासारखाच," म्हणाला, आणि हसला. मग हसू थांबलं. म्हणाला, "मला तेव्हा सांगायचं होतंस. मी रागावलो असतो. आठवडाभर. आठवड्यात संपलं असतं." त्यानंतर तो माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, बघत बसला.  

उठताना म्हणाला, "ओडीलला लिही, एक मीटर वीस. मोटारसायकल थांबवायची तर वळण अरुंद कर, दार नाही. दोन अडसरांतलं अंतर कमी केलं की मोटारसायकल वळत नाही, तीन चाकी हळूहळू वळते. मी चित्र काढून देईन. तू हात धर." चित्र सोबत जोडलं आहे. रेघा वाकड्या आहेत, मापं बरोबर आहेत, मी टेपने तपासली.

हेल्मेट अजून खुंटीवरच आहे. त्याने ते काढलेलं नाही आणि मी काढून दिलेलं नाही. वाट उघडेपर्यंत मी त्याला मोठ्या रस्त्यावर नेणार नाही, आणि वाट उघडल्यावर त्याला घरात बसू देणार नाही. हे दोन्ही मी ठरवलेलं आहे.

तेव्हा मला उत्तर हवं. लेखी हवं, कचेरीचा शिक्का नसला तरी चालेल, तुझ्या अक्षरात हवं. शनिवार, १९ एप्रिल, दुपारी बाराच्या आत माझ्या पेटीत पडायला हवं. फोन नको, फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो. त्यात दोन प्रश्नांची उत्तरं पाहिजेत. एक, अडसराची जागा कोणत्या तारखेला एक मीटर वीस होणार, तारीख घालून. दुसरं, त्या संध्याकाळी त्या शब्दावर हात का ठेवलास.

बाराच्या ठोक्याला पेटी रिकामी असली, तर सोमवारी ईस्टरची सुट्टी असली तरी मी आर्मांला आणि सायकलीला घेऊन फाटकापाशी उभी राहणार. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. जाणारा येणारा प्रत्येक सायकलवाला थांबून विचारेल, आणि मी प्रत्येकाला सांगेन. मला तीन भाषांत तक्रार करता येते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नियमानुसार दे. दुसऱ्याचं एका ओळीत दिलंस तरी चालेल. "तू माझी ताई होतीस म्हणून," एवढंच लिहिलंस तरी मी ते पुरेसं मानीन. पण लिही.

वाट बघत असलेली, आणि बघत राहणारी,
सोलांज